बर्फाचं वादळ: मजा का धोका?

प्रश्न: पोरगं अमेरिकेत बफेलो शहरात शिकायला गेलंय. बर्फ पडायला लागला की व्हिडिओ कॉल करून खिडकीतनं दाखवतंय, "आई बघ, कसलं भारी!" आणि इकडं माझ्या पोटात गोळा. शेजारीण म्हणते, लोक पैसे भरून मनालीला जातात, तुला कसली काळजी. खरं काय समजायचं? (एक आई, राजारामपुरी)

उत्तर: ताई, पोरगं पण खरं आणि तुमचा गोळा पण खरा. पंचगंगा 39 फुटाच्या इशारा पातळीला गेली की निम्मं कोल्हापूर गाडी काढून पाणी बघायला जातंय, आणि त्याच टायमाला चिखली-आंबेवाडीची माणसं म्हशी हलवत असतात, तसलाच प्रकार हाय हा.

बफेलो ईरी सरोवराच्या काठावर आहे, सरोवर गोठलेलं नसलं की वरनं येणारा गार वारा त्याची वाफ उचलतो आणि बर्फ करून शहरावर ओततो. 2022 च्या ख्रिसमसला तिथं चार फुटावर बर्फ पडला आणि त्या भागात 40 च्या वर माणसं गेली. नुसत्या बर्फानं नाही हं, वाऱ्यानं समोरचं काही दिसेना, अँब्युलन्स पण अडकल्या, कोण गाडीत सापडलं, कोण हीटर बंद पडलेल्या घरात, आणि काहीजण दारातला बर्फ फावड्यानं काढताना हार्ट ॲटॅकनं गेले. थंडीत रक्तवाहिन्या आवळतात आणि त्यात ते जड काम, म्हणून हार्टवाल्यानं फावड्याच्या नादाला लागूच नये.

गाडीचं तर नीट सांगा त्याला. अडकल्यावर माणूस हीटरसाठी इंजिन चालू ठेवतो, मागं सायलेन्सर बर्फानं बुजतो आणि कार्बन मोनॉक्साईड आत भरतो, ज्याला ना वास ना रंग. अडकलाच तर आधी सायलेन्सर मोकळा करायचा, काच थोडी खाली ठेवायची, इंजिन मधनंमधनंच लावायचं आणि गाडी सोडून चालत सुटायचं नाही.

मजा आहे की, पण वारा थांबल्यावर! 2016 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सव्वादोन फूट बर्फ पडला, गाड्यांना बंदी होती, आणि वादळ सरल्यावर पोरं तिथंच घसरगुंड्या खेळत होती.

तेव्हा वॉर्निंग आली की घरात बस म्हणावं, मोबाईल फुल चार्ज आणि तीन-चार दिवसाचं खाणं हाताशी. मॅगीवर अवलंबून राहू देऊ नका, लाईट गेली की ती शिजायची नाही, जाणाऱ्या कुणाबरोबर भडंग द्या पाठवून.