पाळकसाहेबांवर ‘विश्वास’ आहे की ते ‘विश्वासू’ आहेत?

नागपूरच्या सदर भागातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. रविवारच्या संदेशात त्यांनी ‘माणसांवर नको, देवावर विश्वास ठेवा’ असं ऐकलं, आणि मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, अंकात मात्र ‘आमच्या पाळकसाहेबांवर आमचा पूर्ण विश्वास आहे’ असं वाक्य छापायला निघालं आहे (पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू). ते चुकीचं ठरेल का? शिवाय ‘विश्वासी’ आणि ‘विश्वासू’ यांत फरक आहे का?

व्याकरणाने वाक्यात काहीच खोट नाही. तरी अंक माझ्या हातात असता तर मी ते बदललं असतं.

रोजच्या मराठीत आपण डॉक्टरवर, शेजाऱ्यावर, दूधवाल्यावर विश्वास ठेवतो. म्हणजे हा माणूस फसवणार नाही, एवढंच. ख्रिस्ती मराठीत मात्र याच शब्दावर फार मोठा भार आहे: तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासाने होतं. एकाच ‘-वर विश्वास’मध्ये दोन्ही अर्थ बसवले की ऐकणाऱ्याची गल्लत होते. हा पेच फार जुना आहे. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनने बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानावर बोलताना फरक केला होता की आपण प्रेषित पौलाचं म्हणणं खरं मानतो, पेत्राचंही मानतो. पण विश्वास ठेवतो तो पौलावर किंवा पेत्रावर नव्हे. लॅटिनमध्ये हा भेद ‘इन’ या छोट्या शब्दाने दाखवता येतो. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या जुन्या कबुलीत, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या आधी तो ‘इन’ येतो. मंडळीचा उल्लेख येतो तेव्हा गळतो. मंडळी आहे हे मी मानतो, पण माझा विश्वास तिच्यावर टेकलेला नाही. मला हा गाळलेला शब्द फार मोलाचा वाटतो.

मराठीत अशी सोय नाही, पण आपल्याकडे दुसरे शब्द आहेत. नागपुरात आपण म्हणतो ना, ‘त्याच्या भरोशावर राहू नको’? त्या माणसाला खोटारडा ठरवायचा आपला हेतू नसतो. सगळा भार त्याच्यावर टाकून बसू नको, एवढंच सांगायचं असतं. संदेशातली ताकीद नेमकी हीच आहे. स्तोत्र ११८ मध्ये माणसावर आणि अधिपतींवर भरवसा ठेवण्यापेक्षा परमेश्वराचा आश्रय घेणं बरं, असं आहे. मूळ हिब्रूत तिथे दोन वेगळी क्रियापदं आहेत: माणसाकडे भार टाकण्यासाठी ‘बाताह’, देवाकडे आसरा घेण्यासाठी ‘हासा’. यावरून ‘बाताह’ वाईट असं मात्र कोणी समजू नये. यिर्मयाच्या १७ व्या अध्यायात शाप आणि आशीर्वाद या दोन्ही ठिकाणी तेच क्रियापद आहे. फरक भार कोणावर टाकला याचा आहे.

आणि माणसावर का नाही, याचं कारण स्तोत्र १४६ देतं: त्याचा श्वास जातो, तो मातीला मिळतो आणि त्याच दिवशी त्याचे बेत संपतात. आपला ‘विश्वास’ हा शब्द ‘वि’ आणि ‘श्वस्’ यांतून आलेला आहे. निर्धास्त श्वास घेणं हा त्याचा मुळातला भाव. स्तोत्रकर्त्याला संस्कृत ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, हा निव्वळ योगायोग. पण मराठीत हे स्तोत्र वाचताना तो मला दरवेळी जाणवतो. ज्याचा स्वतःचाच श्वास उसना आहे, त्याच्या जिवावर आपण निर्धास्त कसे होणार?

नागपूरकरांना ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक परके नाहीत. ते इथे बुटी या धनिक घराण्याकडे कामाला होते, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा उभा केला. मिशनची माणसं वाईट होती म्हणून त्यांनी हे केलं, असं कोणी म्हणू नये. आधार कशाचा घ्यायचा, हे त्यांचं ठरलं होतं.

आता दुसरा प्रश्न. विश्वासी म्हणजे विश्वास ठेवणारा. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा असा. एकाच्या जागी दुसरा घालू नये. मंडळीतले आपण सगळे विश्वासी, पाळकसाहेबसुद्धा. विश्वासू असणं ही मात्र कारभाऱ्याकडून अपेक्षा आहे. पौलाने ती करिंथकरांना लिहिताना स्वतःला आणि सहकारी अपुल्लोसला लावली. त्याच पत्रात तो सांगतो की मी लावलं, अपुल्लोसने पाणी घातलं, वाढ देवाने दिली. तीमथ्याला तर तो शिकवण विश्वासू माणसांच्या हाती सोपवायला सांगतो. म्हणजे पुढाऱ्यांकडे संशयानेच बघा, असं बायबल कुठे शिकवत नाही. उलट इब्री लोकांस पत्रात त्यांचं ऐकायला सांगितलं आहे.

तेव्हा ताई, अंकात ‘आमचे पाळकसाहेब प्रभूचे विश्वासू सेवक आहेत’ असं छापा. त्यांचा मान तसूभरही कमी होत नाही. आणि ‘पूर्ण’ हा शब्द ठेवायचाच असेल तर त्याच पानावर नीतिसूत्रे ३:५ घ्या. तिथे मराठी बायबलने ‘परमेश्वरावर भाव ठेव’ असं म्हटलं आहे, तेही ‘अगदी मनापासून’.