इंजिन सुरू झालं की कानात शीळ

प्रश्न : सर, मी लातूरचा. एव्हिऑनिक्समध्ये, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात, शिकाऊ म्हणून काम करतो. आमच्या चार आसनी ट्रेनर विमानात नवं ऑडिओ पॅनल (कुठला रेडिओ ऐकायचा, कशावर बोलायचं ते निवडायची पेटी) आणि आतल्या माणसांना आपसांत बोलायचा इंटरकॉम बसवला. हँगरमध्ये आवाज एकदम स्वच्छ. इंजिन सुरू केलं की मात्र हेडसेटमध्ये शीळ ऐकू येऊ लागते, आरपीएम, म्हणजे इंजिनचे फेरे, वाढवले की तीही चढते. बसवणारे म्हणतात, विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर टाकून मोकळे व्हा. टाकावा का? आणि बसवल्यावरची तपासणी नेमकी कशी करायची?

उत्तर : फिल्टर सगळ्यात शेवटी. आधी जॅक, म्हणजे हेडसेटचा प्लग जिथं खोचतो ती खोबण, उघडून बघा.

आरपीएमबरोबर चढणारी शीळ बहुतेक वेळा अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची असते. लायसन्सवाले इंजिनिअर सोबत असताना, जमिनीवर इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरचा स्विच क्षणभर बंद करून बघा. शीळ गेली की चोर कळला. आता तो शिरतो कुठून? रेडिओ आणि इंटरकॉमचा आवाज पूर्ण कमी करा. तरीही शीळ तेवढीच राहिली, तर ती व्हॉल्यूमच्या बटणानंतर, म्हणजे बहुधा हेडफोनच्या वायरिंगमधून येते. माइकचा प्लग काढल्यावर थांबली, तर माइकची लाइन बघा.

गावातल्या सप्ताहात मिक्सर एका बोर्डावर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर लावला की कीर्तनाआधीच स्पीकर गुणगुणायला लागतो ना? इथंही तेच. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या. माइक आणि हेडफोनचे जॅक विमानाच्या पत्र्यापासून इन्सुलेटेड हवेत, त्यासाठी वीज न वाहणारे, कडेला खांदा असलेले वॉशर असतात. नट आवळताना वॉशर सरकतो आणि जॅकची बाही, म्हणजे त्याचा ग्राउंडचा बाहेरचा धातूचा भाग, पत्र्याला टेकते. पॅनलचा कनेक्टर काढा, मग जॅकची बाही आणि पत्रा यांच्यात मीटर लावा. कनेक्टर लावलेला ठेवून मोजलंत तर जोडणी दिसणारच, कारण जॅकची ग्राउंड वायर पॅनलकडं जाते. शील्डही, म्हणजे वायरीवरचं धातूचं जाळीदार आवरण, पॅनलच्या एकाच टोकाला ग्राउंड हवी, जॅककडं मोकळी. माइक आणि हेडफोनच्या वायरी वेगवेगळ्या शील्डमधून गेल्यात का, तेही बघा.

एवढं करून शीळ राहिलीच, तर फिल्टरचं बोलू. जॅक काढायचा कंटाळा करणारेच आधी फिल्टर सुचवतात, असं माझं मत आहे.

आता तपासणी. हँगरमधल्या शांततेत 'ऐकू येतंय' म्हणण्याला फारसा अर्थ नाही. चारही सीटवर माणसं बसवा, प्रत्येकाला बोलायला लावा, स्क्वेल्च (कुणी बोलत नसताना माइक बंद ठेवणारी पातळी) इंजिनच्या गोंगाटात लावा. वैमानिकानं पीटीटी, म्हणजे रेडिओवर बोलायचं बटण, दाबल्यावर त्याचाच माइक रेडिओवर जावा, शेजारच्याचं बोलणं बाहेर जाऊ नये. मग स्ट्रोब (लुकलुकणारा दिवा), पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर), लँडिंग लाइट, फ्युएल पंप एकेक करून चालू करा. स्ट्रोबची टिकटिक आली तर तेव्हाच कळेल. स्टॉल वॉर्निंग (पंखांची उचल सुटायच्या बेताला आल्याचा इशारा) आणि ऑटोपायलट सुटल्याचा इशारा पॅनलला जोडलेला असेल, तर तो कुठलंही बटण कसंही असलं तरी ऐकू यायलाच हवा. इंजिन रन सकाळी ठेवा. मे महिन्याच्या दुपारी बंद कॉकपिटात कुणाला धीर धरवत नाही, आणि निम्मी कामं 'झालं झालं' म्हणत उरकतात.

एक गोष्ट बरेचजण सोडून देतात. ऑडिओ पॅनलचा सर्किट ब्रेकर ओढा, म्हणजे त्याची वीज तोडा. बहुतेक पॅनलांत वीज गेली की वैमानिकाचा हेडसेट थेट पहिल्या रेडिओला जोडला जातो. इंटरकॉम मरतो, पण टॉवरशी बोलणं चालू राहिलं पाहिजे. नुसतं ऐकू नका, बोलूनही बघा. रेडिओ चेक मागा, आणि तो 121.5 वर नको, ती आणीबाणीची फ्रिक्वेन्सी आहे. या परीक्षेत नापास झालेलं विमान, इंटरकॉम कितीही गोड वाजत असला, तरी मी सही करून सोडणार नाही.