कूलंट कमी होतंय, पण गाडीखाली थेंबही नाही. गळती शोधायची कुठे?

तुम्ही म्हणता, दर महिन्याला बॉनेटखालच्या बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, 'मिन'च्या (किमान पातळीच्या) खुणेखाली जातं, पार्किंगच्या फरशीवर डाग नाही, आणि गॅरेजवाला सांगतो की नागपूरची गर्मी आहे, उडून जातं. वर्षाकाठी थोडंफार कमी होणं ठीक आहे, पण दर महिन्याला नाही. ही बंद सिस्टीम असते. बाटलीचं किंवा रेडिएटरचं झाकण साधारण 1 बार दाब धरून ठेवतं, आणि तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. मे महिन्यात बाहेर 45 असलं तरी इंजिन 90-95 वरच चालतं. तेव्हा गळती आहेच.

थेंब शोधत बसू नका, वाळलेला डाग शोधा. बारीक पाझर गरम इंजिनवर पडला की पाणी उडतं आणि मागे पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाचा थर राहतो. बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळीवर क्षार साचतात ना, अगदी तसा. होजची (रबरी नळ्यांची) टोकं, थर्मोस्टॅटचं (कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) हाउसिंग, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जिथे दाबून बसवलेली असते ती कड, हे सगळं टॉर्चने बघा. वॉटर पंपाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. ते भोकच एम-सीलने बुजवणारे महाभागही आहेत. तसं करू देऊ नका, पंप बदला.

माझ्या गाडीत गळती निघाली इंजिनच्या मागच्या बाजूला, केबिनकडे जाणाऱ्या होजवर. दिवसा सगळं कोरडं ठणठणीत. डिसेंबरात गाडी रात्रभर बाहेर उभी होती, सकाळी चावी न लावता टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा आत घातला, तर क्लॅम्पच्या खालच्या कडेला गुलाबी थेंब लोंबत होता आणि खाली गिअरबॉक्सच्या खाचेत चमचाभर साचलं होतं. वर्धा रोडला लागेपर्यंत ते वाळून जायचं. थंडीत जुनं रबर आकसतं, क्लॅम्पची पकड सुटते. इंजिन तापलं की सांधा पुन्हा बसतो. दुपारी गरम गाडी दाखवून काही हाती लागत नाही ते यामुळेच.

म्हणून गाडी रात्री गॅरेजलाच ठेवा आणि सकाळी थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावायला सांगा. झाकणावर छापलाय तेवढाच दाब हातपंपाने भरायचा आणि 15-20 मिनिटं काट्यावर लक्ष ठेवायचं. झाकणही त्याच टेस्टरवर तपासून घ्या. बिचारं स्वस्तातलं असतं, म्हणून कोणी बघत नाही.

काटा उतरतोय पण बाहेर ओल नाही, तर गळती आत आहे. आधी हीटर बघा. नागपुरात हीटर लावतो कोण, असं म्हणून सोडू नका. बऱ्याच गाड्यांत कूलंट त्यातून कायम फिरतं. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर चिकट धुरकटपणा, कार्पेटखाली ओल, या त्याच्या खुणा. ओल एसीच्या पाण्याचीही असू शकते. बोटांवर चोळा, कूलंट बुळबुळीत लागतं. चाखू मात्र नका, विष आहे.

थंड इंजिन सुरू केल्या केल्या वरचा होज टणक होत असेल, बाटलीत सारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्या. पण हेड उघडू देण्याआधी ब्लॉक टेस्ट मागा. तिच्यात कूलंटवरची हवा निळ्या द्रावणातून ओढतात; द्रावणाचा रंग बदलला, तर जळलेला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. डिझेल असेल तर ईजीआर कूलरही (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) तपासा.

गळती सापडेपर्यंत त्याच जातीचं कूलंट भरत राहा, बोअरचं पाणी नको, आणि गळती बुजवायची पावडर तर नकोच, ती हीटरच्या नळ्या आधी बुजवते. झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडा. वाटेत डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर चढलाच तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा, बुटीबोरीपर्यंत जाईल असं म्हणू नका.