थॅडियस स्टीव्हन्सने आधी मालकाची केस लढवली होती?

प्रश्न : अमेरिकेतली गुलामी संपवण्यात थॅडियस स्टीव्हन्सचा मोठा हात होता असं सगळीकडे येतं. पण वकील असताना त्यानेच एका गुलाम बाईविरुद्ध मालकाला केस जिंकून दिली असं वाचलं. खरंय का? आणि राष्ट्राध्यक्षाला हाकलायला निघालेला तो हाच का?

उत्तर : दोन्ही खरं आहे, आणि माणूस एकच.

केस १८२१ ची. स्टीव्हन्स तेव्हा तिशीच्या आतला, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या गेटिसबर्गला वकिली करायचा. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा होता की बाहेरच्या मालकाने गुलामाला या राज्यात सहा महिने ठेवलं तर तो सुटला. चॅरिटी बटलर ही गुलाम बाई शेजारच्या मेरीलँड राज्यातली, तिला पेनसिल्व्हेनियात बऱ्याचदा आणलं-नेलं होतं, तिचं म्हणणं एवढंच की सगळ्या फेऱ्या मिळून सहा महिने भरतात. स्टीव्हन्स म्हणाला, बेरीज चालणार नाही, मुक्काम सलग पाहिजे. कोर्टाला पटलं आणि ती मुलांसकट परत गुलामीत गेली. वकील म्हणून मुद्दा पक्का होता हो, पण वाचताना पोटात कालवतं.

पुढे मात्र तो पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने उभा राहायला लागला. १८३८ ला पेनसिल्व्हेनियाच्या नव्या घटनेत मतदान फक्त गोऱ्यांना ठेवलं म्हणून त्याने सहीच केली नाही. १८४८ ला लँकेस्टरमधून तेव्हाच्या व्हिग पक्षातर्फे काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आला, पण वकिली सुटली नव्हती. १८५१ ला पेनसिल्व्हेनियातल्याच क्रिस्टियाना गावात पळालेले गुलाम पकडायला आलेला मालक मारला गेला, आणि सरकारने तिथल्या लोकांवर थेट देशद्रोहाचे खटले भरले, त्यातल्या पहिल्या आरोपीच्या वकिलांमध्ये हा होता, आणि तो आरोपी सुटला.

१८५३ ला बाहेर, १८५९ ला रिपब्लिकन म्हणून परत. उत्तर-दक्षिण यादवी युद्धात प्रतिनिधी सभागृहाच्या पैशाच्या कमिटीचा अध्यक्ष, म्हणजे लिंकनच्या लढाईचा खर्च याच्या हातून जायचा. १८६३ मध्ये दक्षिणेच्या फौजेने कॅलडोनियातला याचा लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळला, यावरून त्यांचा याच्यावर किती राग होता ते बघा.

माझं मत विचाराल तर त्याचं खरं काम युद्धानंतरचं. कायद्यातल्या एका पळवाटेवर माणूस गुलाम होतो हे त्याने स्वतः करून पाहिलं होतं, त्यामुळे नुसत्या चांगुलपणावर त्याचा भरवसा नव्हता, जे हवं ते घटनेतच हवं. १८६६ ला घटनेची चौदावी दुरुस्ती (मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी) आली ती त्याला अपुरी वाटली, तरी मत दिलं, आपण देवदूतांमध्ये नाही माणसांमध्ये राहतो असं म्हणून. बंडखोर जमीनदारांच्या जमिनी काढून मुक्त झालेल्यांना ४० एकर द्या ही त्याची मागणी मात्र कोणी मनावर घेतली नाही.

लिंकननंतरचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन, त्याच्यावर महाभियोग १८६८ चा. स्टीव्हन्स इतका आजारी की खुर्चीत बसवून उचलून न्यायचे. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९, पण दोन-तृतीयांश म्हणजे ३६ मतं लागायची, एका मताने हुकलं, आणि ११ ऑगस्टला तो गेला. तो गेल्यावरसुद्धा मतदारसंघातल्या पक्षवाल्यांनी त्यालाच उमेदवारी दिली!

पुरलंय लँकेस्टरच्या एका छोट्या दफनभूमीत. इतर ठिकाणी नियमातच वंशाची अट होती म्हणून ही जागा निवडली, आणि हे कारण थडग्याच्या दगडावर कोरून घेतलं, अगदी कोर्टाच्या अर्जासारखं.