किडनी ट्रान्सप्लांटमध्ये डॉक्टर असताना क्लिनिकल फार्मासिस्टचं काम काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मोठ्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट नागपुरात ठरलंय, किडनी वहिनी देताहेत, आणि हॉस्पिटलने ऑपरेशनआधी एकदा आणि सुटी होण्याआधी एकदा क्लिनिकल फार्मासिस्टकडे, म्हणजे पेशंटच्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या जाणकाराकडे, बसायला सांगितलंय. औषधं नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) लिहून देणार असतील, तर हा आणखी एक माणूस कशाला?

मी नागपुरातच ट्रान्सप्लांटच्या पेशंटसोबत हे काम करतो. माझं उत्तर सरळ आहे: बसायला सांगितलंय तर दोन्ही वेळा बसा, घाई न करता बसा. ऑपरेशन काही तासांत होतं, पण त्यानंतरची औषधं नवी किडनी चालेल तितकी वर्षं चालतात. किडनी हातची जाण्याची बरीच कारणं या औषधांच्या वेळेत, मात्रेत आणि त्यांच्यासोबत घेतलेल्या दुसऱ्या एखाद्या गोळीत दडलेली असतात.

भाऊ भरती झाले की त्यांची बीपी, शुगर, थायरॉइडची घरची सगळी औषधं आम्ही तपासतो. कोणतं चालू ठेवायचं, कोणतं बंद करायचं, कशाची मात्रा बदलायची, हे डॉक्टरांसमोर मांडतो. ऑपरेशनच्या वेळी शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून काही पेशंटना एटीजी नावाचं औषध देतात, काहींना बॅसिलिक्सिमॅब. एटीजीचा डोस वजनावर ठरतो आणि ते कित्येक तास सावकाश चढवावं लागतं, आधी ॲलर्जीची औषधं देऊन. पुढे क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय हे दाखवणारा रक्तातला आकडा, रोज बदलत असतं. व्हायरसपासून बचावासाठी दिलेल्या व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरसारख्या गोळीची मात्रा त्याच्याप्रमाणे बदलावी लागते. हे रोजचं गणित आम्ही करतो, निर्णय आणि सही डॉक्टरांची असते.

खरं काम मात्र टॅक्रोलिमसपाशी सुरू होतं. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून भावाला बहुतेक टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी तीन औषधं मिळतील. त्यात टॅक्रोलिमस फार नाजूक. रक्तात कमी पडलं तर रिजेक्शनची, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याची भीती, जास्त झालं तर हात थरथरतात, डोकं दुखतं, शुगर आणि पोटॅशियम वाढतं आणि तीच नवी किडनी बिघडू लागते. रक्तातल्या या प्रमाणाला लेव्हल म्हणतात, मोजमाप मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये होतं. सुरुवातीचे काही महिने लेव्हल थोडी वर ठेवतात, पुढे हळूहळू खाली आणतात. सारख्याच वजनाच्या दोघांना सारखाच डोस दिला तरी लेव्हल वेगळी येते, कारण हे औषध मोडणारं एन्झाइम (शरीरातलं रसायन) प्रत्येकाच्या शरीरात सारखं काम करत नाही. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा डोस बघून काळजी करू नका.

ही लेव्हल सकाळचा डोस घेण्याआधी तपासायची असते, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे पेशंट चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली, पलीकडून छिंदवाडा, बालाघाटहून येतात. पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस वाटेत चहाबरोबर सवयीने आठची कॅप्सूल घेतो आणि अकराला रक्त देतो. अशाच एका पेशंटचा रिपोर्ट माझ्यासमोर आला. लेव्हल जवळजवळ दुप्पट. नुसता आकडा पाहिला तर डोस कमी करावासा वाटणारच. मी विचारलं, ‘काका, आज गोळी किती वाजता घेतली?’ ते म्हणाले, ‘बसस्टँडवरच घेतली ना, टाइम चुकवायचा नाही असं तुम्हीच सांगितलं.’ दुसऱ्या दिवशी गोळीआधी रक्त घेतलं, लेव्हल अगदी जिथे हवी तिथे. त्या पहिल्या आकड्यावर डोस कमी झाला असता तर पुढच्या काही आठवड्यांत रिजेक्शनचा धोका वाढला असता, आणि कारण कोणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणून तपासणीच्या दिवशी कॅप्सूल खिशात ठेवा, रक्त दिल्याबरोबर घ्या, आणि आदल्या रात्रीची वेळ कागदावर लिहून न्या.

दुसरा मोठा धोका दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतून येतो, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात घामाने जांघेत, काखेत नायटा होतो. त्वचेचे डॉक्टर इट्राकोनॅझोल लिहून देतात, इतरांसाठी ते औषध ठीकच आहे. टॅक्रोलिमस घेणाऱ्याची लेव्हल मात्र त्याने काही दिवसांत झपाट्याने वर जाते, कारण टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइमच ते अडवतं. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, बीपीचं डिल्टियाझेम यांचंही तसंच. उलट टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन लेव्हल धाडकन खाली आणतात. असं औषध खरंच गरजेचं असेल तर ते देतात, पण टॅक्रोलिमसचा डोस आधीच बदलून आणि लेव्हल वारंवार तपासून. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही: ते दुसरं औषध बंद झालं की लेव्हल पुन्हा उलट दिशेला सरकते. म्हणून सुरू करताना फोन, बंद करतानाही फोन.

गुडघा दुखला म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नको. भावाला कधी मायकोफेनोलेटऐवजी अझाथायोप्रिन दिलं, आणि युरिक ॲसिडसाठी कोणी ॲलोप्युरिनॉल लिहिलं, तर त्या जोडीने रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. प्रत्येक चिठ्ठीतली सगळी नावं एकत्र ठेवून वाचणारा माणूस हवा तो याचसाठी. नेफ्रॉलॉजिस्ट हुशार असतातच, पण त्वचेच्या डॉक्टरांनी काल काय लिहिलं ते त्यांना कोणी सांगितलं तर कळणार.

खाण्याबद्दल नागपुरात पहिला प्रश्न हमखास येतो: संत्री चालतात का? लेव्हल वाढवतात ती ग्रेपफ्रूट आणि पपनस, ही दोन्ही पूर्ण बंद. आपलं संत्रं वेगळ्या जातीचं आहे, त्याची तशी भीती नाही. पण सुरुवातीच्या दिवसांत पोटॅशियम वर असेल तर तेवढ्यापुरतं संत्र्यालाही थांबवतात, रिपोर्ट पाहून विचारा. डाळिंबाच्या रसाबाबत आम्ही सावधच राहायला सांगतो. गुळवेल, अश्वगंधा, ‘इम्युनिटी’चा काढा हे प्रेमाने आणून देणारे नातेवाईक खूप भेटतील. त्यांना शांतपणे सांगा की भावाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवली आहे, ती वाढवायची नाही.

मे महिना जवळ असेल तर हे नीट वाचा. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना गाडीत, खिडकीत, फ्रिजच्या वर ठेवलेल्या कॅप्सूलचा भरवसा नाही. घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवा. जुलाब लागले तर लोकांना वाटतं औषध बाहेर पडलं, लेव्हल कमी झाली असेल. टॅक्रोलिमसचं बहुतेक वेळा उलट होतं. हे औषध आतड्याच्या अस्तरातच बरंचसं मोडलं जातं. जुलाबात ते अस्तर दुखावलं की औषध जास्त शोषलं जातं आणि लेव्हल चढते. वरून शरीरातलं पाणी कमी झालेलं, म्हणजे किडनीला दुहेरी मार. अशा वेळी आपल्या मनाने जास्तीची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवा.

कंपनीबद्दलही. दुकानदार ‘तेच औषध आहे, स्वस्त आहे’ म्हणून वेगळ्या कंपनीचं देईल. स्वस्त म्हणजे वाईट असं नाही, पण बदलायचं तर आम्हाला सांगून आणि नंतर लेव्हल तपासून. दिवसातून दोनदा घ्यायची कॅप्सूल आणि एकदाच घ्यायची लांब चालणारी कॅप्सूल या एकमेकींच्या जागी कधीच चालत नाहीत. पाकिटावरचं पूर्ण नाव वाचायची सवय भावालाही लावा.

अमेरिकेत 2007 च्या सरकारी नियमांपासून ट्रान्सप्लांट टीममध्ये औषधशास्त्राचा जाणकार असणं बंधनकारक आहे. आपल्याकडे फार्म.डी. हा सहा वर्षांचा कोर्स 2008 मध्ये सुरू झाला, म्हणजे या कामासाठी शिकलेली मुलंमुली तयार आहेत. कायद्याने ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर सक्तीचा केला, फार्मासिस्ट नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी हे काम कोऑर्डिनेटर किंवा सिस्टर आपल्या कामातून वेळ काढून करतात, आणि मनापासून करतात. तरी माझं ठाम मत आहे की प्रत्येक ट्रान्सप्लांट सेंटरला हे स्वतंत्र पद असायलाच हवं. विदर्भातला पेशंट घरी गेला की हॉस्पिटलपासून शेकडो किलोमीटरवर असतो, त्याला फोन उचलणारा जाणकार माणूस हवा.

भेटीला जाताना घरातली प्रत्येक गोळी, मलम, चूर्ण पिशवीत घालून न्या, नावं आठवून सांगत बसू नका. गोळी चुकली तर किती तासांपर्यंत घ्यायची, घेतल्यावर उलटी झाली तर काय, रात्री दोनला कोणाला फोन करायचा, हे विचारून लिहून घ्या. एका वेळी दोन डोस मात्र कधीच नाही. घरात औषधं जो काढून देणार आहे, तो माणूस सोबत असू द्या.

आणि वहिनींनाही त्याच खोलीत बसवा. तुमच्या प्रश्नात सगळी काळजी भावाची आहे, ते साहजिक आहे. पण त्यांच्याकडे आता एकच किडनी राहणार आहे. डोकं, कंबर दुखली की स्वतःच्या मनाने पेनकिलर घेणं त्यांनीही टाळायचं, बीपी आणि क्रिएटिनिन दरवर्षी तपासायचं, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेल्या की किडनी दिली आहे हे आधी सांगायचं. त्यांच्यासाठी काय चालतं आणि काय नाही, याचा वेगळा कागद फार्मासिस्टकडून मागून घ्या.