खाडीवरचा साकव आणि कोस्ट गार्डचं पत्र

प्रश्न: आम्ही अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतो. चेसापीक उपसागराच्या पूर्व बाजूला आम्ही एक जागा घेतली आहे. जागेतून भरतीच्या पाण्याची अरुंद खाडी जाते. पलीकडच्या तुकड्यावर जायला जुना लाकडी साकव होता, तो वादळात गेला. नवा बांधायला काउंटीची परवानगी घेतली, राज्याच्या पर्यावरण खात्याचा परवानाही मिळाला, आणि कंत्राटदाराने खांब ठोकले. आता वरच्या अंगाला राहणाऱ्या शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून कोस्ट गार्डचं पत्र आलंय, की काम थांबवा आणि पुलाची परवानगी दाखवा. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी नसतं, दोन्ही काठ आमचे आहेत. यात केंद्र सरकारचा संबंध काय? दंड किती होईल? माझ्या यजमानांचा नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे, त्याला बाधा येईल का?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी काम थांबवा, आणि थांबवल्याचं कंत्राटदाराला लेखी कळवा. घाबरून ठोकलेले खांब उपटायलाही सांगू नका. खाजणातून खांब काढणं हेही परवानगीचंच काम आहे, आणि पत्र आल्यावर घाईने काही हलवलं तर लपवाछपवी केल्यासारखं दिसतं. आहे त्या स्थितीचे फोटो भरतीला आणि ओहोटीला, तारखेसह काढून ठेवा.

आता केंद्राचा संबंध काय ते सांगतो. तुमची सगळी भिस्त ‘दोन्ही काठ आमचे’ यावर आहे, पण काठ तुमचे असले तरी मधलं पाणी तुमचं नाही. मेरीलँडमध्ये भरतीच्या पाण्याखालची जमीन सरासरी भरतीच्या रेषेपर्यंत सहसा राज्याची असते. त्या पाण्यावरून ये-जा करण्याचा हक्क लोकांचा आहे, आणि राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन करण्याचा जो अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिला, त्यातच जलमार्गांवरचा अधिकार येतो. पाणी किती खोल, हा प्रश्न तुमच्या बाबतीत उपयोगाचा नाही. आतल्या नद्या-तळ्यांच्या बाबतीत तिथून व्यापारी वाहतूक झाली का, होऊ शकते का, हे बघावं लागतं. 1871 मध्ये मिशिगनच्या ग्रँड नदीवरच्या ‘डॅनियल बॉल’ या आगबोटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी घालून दिली. पण ज्या पाण्याला भरती-ओहोटी लागते, ते कोस्ट गार्डच्या नियमांप्रमाणे तेवढ्यानेच केंद्राच्या अखत्यारीत येतं. तुमची खाडी त्यात बसते.

‘राज्याने परवाना दिला, मग आणखी काय हवं?’ हा प्रश्न तुमच्याआधी फार मोठ्या लोकांनी विचारला आहे. 1849 मध्ये व्हर्जिनियाच्या परवानगीने ओहायो नदीवर व्हीलिंग इथे झुलता पूल झाला. पिट्सबर्गला जाणाऱ्या आगबोटींची उंच धुरांडी त्याखालून जाईनात, म्हणून पेनसिल्व्हेनिया राज्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 1852 मध्ये न्यायालयाने पुलाला अडथळा ठरवलं. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून तो पूल वैध केला, आणि 1856 मध्ये न्यायालयाने काँग्रेसचा तो अधिकार मान्य केला. राज्याची परवानगी पुरली नाही, आणि शेवटचा शब्द काँग्रेसचा ठरला. पुढे 1899 च्या नद्या-बंदरं कायद्याच्या कलम 9 मध्ये हे पक्कं झालं. जलमार्ग एकाच राज्याच्या हद्दीत असेल तर राज्याच्या अधिकाराखाली पूल बांधता येतो, पण जागा आणि नकाशे केंद्राने मंजूर केल्यावरच. 1946 च्या सर्वसाधारण पूल कायद्यातही मंजुरी बांधकामाच्या आधी लागते.

ही मंजुरी पूर्वी लष्कराच्या अभियंत्यांकडे, म्हणजे कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे होती. 1966 च्या कायद्याने वाहतूक खातं निर्माण झालं तेव्हा पुलांचं काम कोस्ट गार्डकडे गेलं. अजूनही एका काठावरून पाण्यात जाणारा धक्का 1899 च्याच कायद्याच्या कलम 10 खाली कोअरकडे येतो, आणि या काठावरून त्या काठाला जोडणारा पूल कलम 9 खाली कोस्ट गार्डकडे. तुमच्या फाइलमध्ये कोअरचा एखादा कागद असेल तर त्यावरही विसंबू नका. पुलाच्या पायाभरावासाठी कोअरची एक सार्वत्रिक परवानगी आहे खरी, पण ती कोस्ट गार्डने मंजूर केलेल्या पुलालाच लागू होते.

एवढं वाचून धीर सोडू नका, कारण तुमच्यासाठी एक वाट उघडी असू शकते. जे जलमार्ग कायद्याने जलमार्ग आहेत, पण प्रत्यक्षात तिथून ओंडके, तराफे, वल्ह्याच्या होड्या, कनू (लहान निमुळत्या होड्या) आणि छोट्या मोटरबोटी यांखेरीज काही जात नाही, अशा ठिकाणच्या पुलांना कोस्ट गार्डच्या कमांडंटने (प्रमुखाने) आगाऊ मंजुरी देऊन ठेवलेली आहे. आणि ‘छोटी मोटरबोट’ म्हणजे काय हेही नियमातच सांगितलंय: मागे बाहेरून इंजिन लावलेली होडी, कनू किंवा तत्सम. शिडाची नाव आणि केबिनवाली बोट त्यात बसत नाही.

म्हणून माझा तुम्हाला उलट प्रश्न आहे: शेजाऱ्यांची बोट कोणती? तुमच्या पत्रात याबद्दल एक शब्द नाही, आणि सगळं प्रकरण त्यावरच फिरतं. ते मागे इंजिन लावलेल्या उघड्या होडीतून मासे धरायला जात असतील आणि वरच्या अंगाला दुसरी मोठी बोट नसेल, तर आगाऊ मंजुरीचा मुद्दा मांडायला तुमच्याकडे चांगली जागा आहे. डोलकाठीची नाव त्यांच्या धक्क्याला बांधलेली असेल आणि ती भरतीला तुमच्या साकवाच्या जागेवरून बाहेर पडत असेल, तर रीतसर परवानगीला पर्याय नाही. माणूस म्हणून सांगतो, त्यांच्या घरी जा आणि विचारा. त्यांनी तक्रार केली म्हणून ते शत्रू झाले नाहीत. तुमचा पूल झाला तर त्यांचा समुद्राचा रस्ता बंद होतो, आणि ही भीती रास्त आहे. मात्र त्यांच्याकडून ‘आमची हरकत नाही’ असा कागद लिहून घेतला म्हणजे सुटलो, असं समजू नका. हक्क त्यांच्या एकट्याचा नाही.

आगाऊ मंजुरी लागू होते की नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही. पत्रावर ज्या विभागीय ब्रिज कार्यालयाचा पत्ता आहे त्यांना मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या: काम थांबवलं आहे, जुना साकव अमुक होता, खाडीचा वापर असा होतो, नव्या पुलाच्या मधल्या गाळ्याची (खांबांमधल्या मोकळ्या जागेची) रुंदी आणि सरासरी भरतीच्या पाण्यापासूनची उंची इतकी आहे. सोबत नकाशे, फोटो, काउंटीचे आणि राज्याचे कागद जोडा आणि निर्णय मागा. लागू नाही असं कळलं, तर परवानगीचा अर्ज करा. त्यात कोस्ट गार्ड जाहीर सूचना काढून बोटवाल्यांची मतं मागवतं, पर्यावरणाची तपासणी करतं, आणि जलवाहतुकीच्या वाजवी गरजा भागतात का ते बघतं. मधला गाळा उंच केल्याने बरंच काही सुटतं. तुमच्या अभियंत्याकडून तो पर्याय आत्ताच काढून घ्या. जुन्या साकवाचे खुंट पाण्यात राहिले असतील तर तेही काढायला सांगतील, त्याचा खर्च धरून ठेवा.

दंडाचं म्हणाल, तर कायद्यात दर उल्लंघनाला 25,000 डॉलरपर्यंतचा दिवाणी दंड आहे, महागाईनुसार तो वाढवला जातो, आणि उल्लंघनाचा प्रत्येक दिवस वेगळा धरता येतो. पहिल्याच वाक्यात काम थांबवा म्हणालो ते यासाठीच. पण आलेलं पत्र दंडाची नोटीस नाही. तशी नोटीस आली तर सुनावणी मागायला 30 दिवस मिळतात, ते वाया घालवू नका.

यजमानांच्या अर्जाबद्दल: दिवाणी दंड म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे. मात्र 1899 च्या कायद्यात परवानगीविना बांधणं हा फौजदारी गुन्हाही आहे, 500 ते 2,500 डॉलर दंड आणि एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पत्र मिळताच थांबलेल्या माणसावर तिथवर जाण्याचं कारण मला दिसत नाही. पत्र खिशात ठेवून बांधत राहिलेल्याची गोष्ट निराळी. नागरिकत्वाच्या अर्जातले प्रश्न व्यापक असतात, म्हणून मुलाखतीआधी हे पत्र त्यांच्या इमिग्रेशन वकिलाला दाखवा आणि काही दडवू नका.

कंत्राटदाराशी झालेल्या करारात परवानग्या मिळवण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे, ते कलम शोधा. त्याच्यावर असेल तर पुढचा हप्ता रोखण्याआधी मेरीलँडमधल्या वकिलाकडून नोटीस पाठवा. आणि ते कलम नसेल, किंवा जबाबदारी ‘मालकाची’ लिहिली असेल, तर ठोकलेल्या खांबांचे पैसे द्यावे लागतील, हे धरून चला.