बीए इकॉनॉमिक्सनंतर जर्मनी? आधी गणिताचं बोलू

अगं, तू विचारलंस की सोलापूरला टीवायबीए इकॉनॉमिक्स चालू आहे, ७२ टक्के आहेत, जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत मास्टर्सला फी नसते म्हणे, तर यावं का आणि पुढे काय होता येतं. ताई म्हणालीस म्हणून उत्तर देतेय, नाहीतर चार दिवस टाळत होते. डोक्यातून जाईना शेवटी.

एपीएस म्हणजे डिग्री-मार्कशीट तपासून मिळणारं सर्टिफिकेट, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट सगळं वेबसाइटवर आहे, ते सांगत बसत नाही. एवढंच की ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायचे ते ११,९०४ युरो म्हणजे फी नव्हे, तुझेच पैसे तुला महिन्याला ९९२ असे परत मिळतात, पण खोली घेताना तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट मागू शकतात, ते वेगळं धर. बाबा कर्ज काढणार असतील तर हे आत्ताच सांग त्यांना, नंतर फोनवर सांगायला फार जीवावर येतं.

आता गणित. आपल्याकडे बीएला अर्थशास्त्र म्हणजे व्याख्या लिहा, आकृती काढून स्पष्ट करा, गुणदोष सांगा. मला ॲडमिशन मिळाली ती संख्याशास्त्राचे दोन पेपर होते त्या जोरावर. २०११ च्या ऑक्टोबरात इथे जर्मनीत आले आणि मायक्रोइकॉनॉमिक्सच्या पहिल्याच लेक्चरला सरांनी फळ्यावर प्रूफ लिहायला घेतलं, फळा भरला, पुसला, परत भरला, आकृती एक नाही. बॉन, मानहाइम या युनिव्हर्सिट्या तर त्याहून थिअरीवाल्या, बॉनच्या राइनहार्ड झेल्टनना १९९४ चं नोबेल मिळालं तेच गेम थिअरीसाठी. त्या पहिल्या मायक्रोत मला मिळाले ५.०. इथे १.० सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. आईला फोनवर आकडाच सांगितला, ती म्हणाली पाचपैकी पाच? आणि सांगलीत अख्ख्या वाड्यात पेढे वाटले. मी आजतागायत तिला खरं सांगितलेलं नाही. बऱ्याच युनिव्हर्सिटीत एका पेपरला दोन किंवा तीनच संधी असतात, त्या संपल्या की देशभरात कुठेच तो कोर्स करता येत नाही, हे मला नापास झाल्यावर कळलं. दोन वर्षांच्या मास्टर्सला मला साडेतीन लागली. तेव्हा लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, इकॉनोमेट्रिक्स म्हणजे अर्थशास्त्रात वापरायचं संख्याशास्त्र, हे आत्ताच, तिथेच करून ये.

पुढे काय होतं ते सांगते. फ्रँकफर्टला बुंडेसबँक म्हणजे इथली रिझर्व्ह बँक आणि युरोपियन सेंट्रल बँक, म्युनिकला इफो ही अर्थसंशोधन संस्था, कीलला जागतिक अर्थव्यवस्थेवरची संस्था, ही स्वप्नातली नावं, बहुतेक ठिकाणी पीएचडी नाहीतर पीएचडीच्या तोडीची तयारी लागते. बाकीचे आम्ही बँका, इन्शुरन्स, कन्सल्टिंग. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्यातले माझे ११ गेले कारण कोर्स इंग्लिशमध्ये होता म्हणून जर्मन ए२ वरच, म्हणजे प्राथमिक पातळीवरच, अडकलं होतं. आता एका इन्शुरन्स कंपनीत कोणाचा क्लेम किती येईल याचे मॉडेल लावते. पगार चांगला आहे. हे अर्थशास्त्र आहे का? असेल.

मला खरं म्हणजे इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची, म्हणजे केंद्र सरकारच्या अर्थतज्ज्ञांच्या सेवेची, परीक्षा द्यायची होती. मास्टर्स करून परत येते म्हणाले होते. त्याला वयाची मर्यादा ३० आहे, सवलती सोडल्या तर, आणि माझी तिशी इथेच व्हिसाच्या रांगेत उलटली. त्या रांगेचं तर बोलूच नकोस, परमिट रिन्यू होईपर्यंत एक तात्पुरता कागद देतात, त्याच्या नावातच 'फिक्शन' आहे, खोटं नाही सांगत, आणि त्या कागदावर भारतात जाऊन परत येता येईल का याचं एकाच ऑफिसात दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळाली. काकांच्या तेराव्याला नाही गेले मी.

आणि गंमत बघ, पुण्यात तीन वर्षं बीएमसीसी रोडवरून अर्थशास्त्राच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या समोरून रोज सायकल मारली, कधी आत पाऊल टाकलं नाही. त्याच संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली माणशी २२५० कॅलरी धरून गरिबी मोजली, ते मी पहिल्यांदा इथल्या लायब्ररीत वाचलं. त्यांची एंट्रन्स देऊन तरी बघ ना आधी.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. हिवाळ्यात जास्त. पुढे.

लग्न, मुलं हे आत्ता तुला लांबचं वाटेल, पण सांगतेच. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, गिम्नाझियुम म्हणजे युनिव्हर्सिटीकडची वाट आणि रेआलशूले त्याखालची. मुलांना इतक्या लवकर वेगळं केलं की विषमता वाढते, असा हानुशेक आणि व्योसमान या अर्थतज्ज्ञांचा २००६ चा पेपर आहे, मी त्यावर सेमिनार दिलाय, १.३ मिळाले होते. आणि दोन वर्षांपूर्वी जानेवारीत लेकीच्या बाई छोट्या खुर्चीत बसवून म्हणाल्या, मुलगी कष्टाळू आहे पण घरी जर्मन नाही ना, रेआलशूलेच बरी. आमच्या राज्यात शेवटचा शब्द आईबापांचा असतो, मला माहीत होतं. पेपर पाठ होता. पण तो सगळा इंग्लिशमध्ये, आणि त्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसल्यावर एक धड जर्मन वाक्य जुळेना. मी मान डोलावली, वर 'डांके', म्हणजे थँक यू, म्हणाले. नवरा म्हणतो सोड आता, पोरगी खूश आहे. आहेच ती खूश.

तिला या वर्षी सातवीसाठी निवडीचा विषय द्यायचाय. परवा विचारत होती, अर्थशास्त्र घेऊ का आई. फॉर्म अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

तू मार्कशीटवर गणित-संख्याशास्त्राचे किती पेपर आहेत ते कळव. आणि जर्मनचा क्लास आजच लाव, कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी.